‘पळस’ म्हणायचं काम

आमच्या यांना लाल रंग दिसत नसे. पिकलेली मिरची आणि हिरवी मिरची त्यांना हातात घेऊन दाबून पाहिल्याशिवाय वेगळी कळायची नाही. लग्नाआधी हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी माझ्या बापाने ‘तांबडं नाही दिसत, पगार तं दिसते ना’ म्हणून मला देऊनच टाकलं असतं. मला कळलं ते एका भांडणात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेरचं कुंकवाच्या रंगाचं पातळ नेसून मी बाजाराला निघाले होते, तर हे ओसरीवरून म्हणाले, “हे मातीच्या रंगाचं काहून नेसली?” मला वाटलं, हा माणूस माझ्या माहेरच्या कापडाला नावं ठेवतो. मी बाजाराला गेलेच नाही. चुलीपुढे बसून रडत राहिले, तेव्हा सासूबाई माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “त्याले तांबडं दिसत नाही वो. रेलवेनं त्याच्याच पायी वापस धाडलं.”

यांना रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. सगळ्या परीक्षा दिल्या, आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास होऊन घरी यावं लागलं. ती गोष्ट त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकली नाही. पुढे अनसिंगच्या नळयोजनेवर पंप चालवायची नोकरी लागली, सरकारी खोल्या मिळाल्या, आणि मी माहेरहून, इंझोरीहून, तिथे नांदायला आले. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं.

माझ्या माहेरी अंगणात माणसं मावत नसत. बसायला जागा नाही म्हणून आम्ही उंबऱ्यावर बसून जेवायचो. इथे दोन खोल्या, टिनाचं छप्पर, सासूबाई आणि हे. मूलबाळ तेव्हा नव्हतं, नंतरही झालं नाही. हे बोलायचे ते ताटावर, आणि तेही “मीठ” एवढंच. मीठ पाहिजे की जास्त झालं, हे मी चेहऱ्यावरून ओळखायचं. सुरुवातीला मला वाटलं माणूस रागीट असेल. रागही नव्हता. रागावला असता तर दोन शब्द तरी कानावर पडले असते. सासूबाई बोलायच्या, पण त्यांचं बोलणं चुलीपासून सुरू होऊन चुलीपाशीच संपायचं. दुपारी भांडी घासून झाली की मी दारात बसायची आणि रस्त्याने कोण जातं ते पाहायची. अनसिंग मोठं गाव. माणसं खूप जायची. माझ्याकडे यायचं कुणाला कारण नव्हतं.

तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता. जरा मोठं सरकारी काम निघालं की अकोला गाठावं लागे. असेच हे पंपाचं काही सामान आणायला अकोल्याला गेले आणि ट्रकमध्ये एक मोटारसायकल टाकून घेऊन आले. मोटारसायकल म्हणणं हा उपकारच. मिलिटरीने वापरून फेकलेली, कुणीतरी लिलावात घेऊन कंटाळलेली ती गाडी दोन पोत्यांत आणि एका सांगाड्यात आली होती. टाकीला भोकं, सायलेन्सर सडलेला, स्टँडचा कान तुटलेला. सासूबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, “हे मढं कायले आनलं?” यांनी पोती मागच्या पडवीत ठेवली आणि हात धुऊन जेवायला बसले.

सुटीच्या दिवशी, पंपावर पाळी नसेल तेव्हा, हे पडवीत बसायचे. एका जुन्या ड्रमचं झाकण चिकणमातीने लिंपून भट्टी केली, लोहाराकडून हाताने फिरवायचा पंखा आणला, बाभळीचे कोळसे आणले. गावात गॅसचं वेल्डिंग नव्हतं. तुटलेलं लोखंड जोडायचं तर पितळेने. जोड कानशीने घासून स्वच्छ करायचा, त्यावर टाकणखार पाण्यात कालवून लावायचा, लोखंड तापवायचं आणि योग्य वेळ आली की पितळेची सळई टेकवायची. पितळ वितळतं आणि दोन्ही लोखंडांच्या फटीत आपोआप ओढलं जातं. सगळं त्या ‘योग्य वेळे’वर असतं. लोखंड कमी तापलं तर पितळ त्याच्यावर गोळा होऊन बसतं आणि ठोकलं की टपकन सुटतं. जास्त तापलं तर पितळ जळतं, पांढरा धूर निघतो आणि जोड ठिसूळ होतो. ती वेळ ओळखायची लोखंडाच्या लालीवरून. आणि नेमकी तीच आमच्या यांना दिसायची नाही.

जोडाचं सगळं लालीवर असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पडवीतून धूर आणि ठोकण्याचा आवाज यायचा, एवढंच. ते पंख्याचे वेढे मोजून अंदाज घ्यायचे, पण कोळसा रोज सारखा पेटत नाही. एका संध्याकाळी मी गोवऱ्या आणायला मागे गेले तर हे स्टँडच्या कानावर सळई धरून बसलेले, आणि सळईतून पांढरा धूर निघत होता. मी चालता चालता बोलून गेले, “लाल भडक होऊन राह्यलं ना ते, दिसत नाही काय तुमाले?”

बोलले आणि जीभ चावली. पण हे माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “कसं लाल?”

लग्न झाल्यापासून माझ्याकडून काही समजून घ्यायला त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न. मी गोवऱ्यांची पाटी खाली ठेवली आणि भट्टीपाशी बसले. काय सांगणार? ज्याला लाल माहीत नाही त्याला कोणतं लाल ते कसं सांगायचं? मी म्हटलं, “पयले काळं असते. मंग वांग्यावानी होते. मंग डाळिंबाच्या दान्यावानी. अन् आता तं पळसाच्या फुलाच्याबी पुढं गेलं.” त्यांनी ते तुकडे थंड केले, पुन्हा घासले, पुन्हा टाकणखार लावला. मला म्हणाले, “पंखा फिरव. अन् सांग.”

त्या दिवसापासून माझी नेमणूक झाली. उजव्या हाताने पंखा फिरवायचा आणि तोंडाने रंग सांगायचा. टाकणखार आधी ज्वारीच्या लाहीसारखा फुलतो, मग बसतो, मग पाण्यासारखा पातळ होऊन चमकतो. तोवर मी गप्प. मग मी म्हणायची, “वांगं.” थोड्या वेळाने, “डाळिंब.” आणि शेवटी, “पळस!” पळस म्हटलं की हे सळई टेकवत. पितळ एकदम पाघळायचं आणि फटीतून सरसर पळायचं. ते पळतं तेव्हा फार छान दिसतं. मी अजून तितकं छान काही पाहिलेलं नाही, आणि मी वेरूळची लेणी पाहिली आहेत.

चांदीचा डाख, म्हणजे चांदीने केलेला जोड, वेगळा. पातळ कामाला, पेट्रोलच्या तांब्याच्या नळीला किंवा टाकीच्या पत्र्याला पितळेची आग सोसत नाही. त्यासाठी हे वाशीमच्या सोनाराकडून डाखाची चांदी आणत. चांदीत थोडं पितळ मिसळून पातळ ठोकलेली, नखाएवढे तुकडे करून वापरायची. ती डाळिंबावरच वितळते. म्हणून जवळजवळ दोन जोड करायचे असले तर आधी पितळेचा, मग चांदीचा. उलट केलं तर दुसऱ्याच्या आगीत पहिला सुटतो. हे आम्ही दोघांनी एकदा उलट करूनच शिकलो. नळी हातात आली आणि दोघंही एकाच वेळी “अरे!” म्हणालो.

हे सगळं तिन्हीसांजेला चालायचं. दिवसा उजेडात तापल्या लोखंडाचा रंग कळत नाही, आणि पुरता अंधार पडला की ते आहे त्याहून जास्त तापलेलं वाटतं. मधली ती संध्याकाळच लागते. आणि संध्याकाळ म्हणजे दिवा लावायची, वंदना म्हणायची वेळ. सासूबाई आतून ओरडायच्या, “लोकाच्या घरी या टायमाले दिवा लागते, आमच्या घरी भट्टी!” मी धावत जाऊन दिवा लावायची, हात जोडायची आणि तशीच पळत परत यायची. कधी कधी वंदना अर्धी मनात आणि अर्धी पंखा फिरवताना व्हायची.

टाकीची भोकं झाळायची होती तो दिवस मला चांगला आठवतो. टाकी सोड्याच्या गरम पाण्याने कितीदा तरी धुऊन, भोकापर्यंत पाणी भरून ठेवली होती, म्हणजे आत पेट्रोलची वाफ राहू नये. तरी सासूबाईंनी आपली गोधडी आणि पानाचा डबा उचलला आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन बसल्या. “तुमी दोघं उडा,” त्या तिथून म्हणाल्या, “मी म्हातारी इथंच बरी.” हे हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. त्यांचे मागचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मी पंखा फिरवत होते आणि माझं लक्ष रंगावरून उडालं, त्यांनी विचारलं, “काय झालं, रंग सांग ना?” मी घाईघाईने डाळिंब म्हटलं. जोड चांगला आला.

मी सुखात होते, हे मला तेव्हाही कळत होतं. दिवसभर मी त्या वेळेची वाट पाहायची. आमच्यात बोलणं होई ते तीन शब्दांचं, वांगं, डाळिंब, पळस. पण त्या वेळी त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे असत. बायकोच्या तोंडाकडे नवरा पाहतो यात काय मोठं, असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरी बोलणारे नवरे असतात.

मग गाडी सुरू झाली. सायलेन्सरमधून बार उडाला, गल्ली गोळा झाली, कुणी नारळ आणा म्हणालं, कुणी पेढे. हे गाडीवर बसले आणि पुसदच्या रस्त्याने निघून गेले. मी अंगणात उभी होते, हाताला टाकणखार लागलेला. ते दिवे लागल्यावर आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आता जोडायचं काही राहिलं नव्हतं. भट्टीचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलं होतं, पंख्यावर कोळ्याने जाळं केलं. तिन्हीसांजेला मी दिवा लावायची, वंदना पूर्ण म्हणायची आणि मग काय करावं ते कळायचं नाही. कधी कधी मी मनात चक्क म्हणायची, तुटू दे काहीतरी. पण आमचे जोड पक्के होते.

नळावर बायका चिडवायच्या. “तुह्या सवतीले घेऊन गेला वाटते दादला?” मी म्हणायची, “सवत असती तं घरी तं बसली असती. ही तं त्याले घेऊनच पळते.” हसून बादली उचलायची आणि घरी येऊन ती तशीच दारात ठेवून बसायची.

त्या गाडीला एकच सीट होती, सायकलसारखी, स्प्रिंगांची. मागे नुसतं लोखंडी कॅरियर. मला त्या गाडीवर बसायचं होतं. दुसरं काही मी त्यांच्याकडे कधी मागितलं नाही, लुगडं नाही की डागिना नाही. हिचा प्रत्येक सांधा माझ्या तोंडाने जुळलेला, आणि मी तिच्यावर एकदाही बसलेली नाही, हे माझ्या मनाला लागून राहिलं होतं. शेवटी एकदा ताट वाढताना बोललेच.

“मांगं सीट नाही लावत काय?”

“कायले?”

“मी बसीन ना.”

त्यांनी घास खाल्ला. “पाहू,” म्हणाले. मग म्हणाले, “मीठ.”

त्याच उन्हाळ्यात भावाचं लग्न निघालं. मी एसटीने इंझोरीला गेले, यांना पाळी होती म्हणून ते लग्नापुरते येऊन परत गेले, आणि मी मागे राहिले. माहेरी माणसांत दिवस कसे गेले ते कळलं नाही. परत आले तेव्हा गाडी अंगणात उभी होती, आणि तिला मागे सीट होती. काळ्या रेक्झिनची, कापूस भरलेली. बाजूला बायकांना पाय ठेवायला लोखंडी फळी. पातळ चाकात जाऊ नये म्हणून जाळीही लावली होती. मी पिशवी खाली ठेवायचं विसरले. सीटवर हात फिरवला. मग वाकून फळीखालचा जोड पाहिला. काळ्या रंगाखाली पितळ गाठीगाठीने जमलेलं लागत होतं, पण होतं पितळच.

“रंग कोनं सांगतला?” मी विचारलं.

“रंग कायले लागते?” ते म्हणाले, आणि खरंच खुशीत होते. “सळई टेकवत राहाची. वितळली का समजते. एवढं साधं, आधी सुचलंच नाही.”

मी “बरं झालं” म्हटलं. त्यांनी माझ्यासाठी केलं होतं आणि माझ्याशिवाय केलं होतं. एकाच गोष्टीचा इतका आनंद आणि इतकं वाईट मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. त्या क्षणी मी स्वतःला सांगितलं, की आता मागे बसायला मिळतंय ना, मग पंखा फिरवायची काय हौस आहे तुला.

पुढच्या सुटीला आम्ही इंझोरीला निघालो. मी धुतलेलं पातळ नेसले, पदर कमरेला खोचला आणि एका बाजूला पाय सोडून सीटवर बसले. गाडी हलली. मी फळीवर पाय ठेवायला गेले, तर फळी लागेना. पाऊल चवड्यावर ताणलं तरी खाली चार बोटं हवाच. यांनी उंची आपल्या पायाने मोजली होती. ते उंच, त्यांची तंगडी लांब. मी सासूबाईंच्या खांद्याएवढी. गाडीच्या प्रत्येक नटाला पाना लावून माप घेणारा माणूस. माझ्या पायाचं माप त्याला माहीत नव्हतं, आणि विचारायचंही सुचलं नव्हतं.

सगळ्या रस्त्याने माझे पाय लोंबकळत राहिले. खड्डा आला की मी सीटची कड दोन्ही हातांनी धरायची. पायांना मुंग्या आल्या, एक चप्पल निसटता निसटता राहिली. आसेगाव मागे टाकल्यावर यांनी मान न वळवता ओरडून विचारलं, “बरं बसता येते ना?”

“हो!” मी ओरडले.

काहून हो म्हटलं? मला वाटलं, हे गाडी थांबवतील, एकदा मागे वळतील, पाहतील. पाहिलं की कळण्यासारखं होतं. मी ते पाहण्याची वाट पाहत होते. गाडी थांबली ती मंगरूळला, पेट्रोलसाठी. हे टाकीत डोकावून पेट्रोल पाहत राहिले.

इंझोरीला बाबा अंगणात शेंगा निवडत बसले होते. माझा बाप अंगठेबहाद्दर, लोकांच्या शेतात राबलेला. गाडीतलं त्याला काही कळत नव्हतं. मी उतरले, आणि पाय बधिर झाल्यामुळे जरा लचकले. हे विहिरीवर हातपाय धुवायला गेले. बाबांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “पाय टेकत नाही वाटते बाई तुहे?”

मला रडूच फुटलं. बाबा घाबरले. “अवं, त्यात काय रडाचं? मी सांगतो जवाईबापूले, वर घेईन तो.”

“नोका सांगू,” मी म्हटलं.

“काहून?”

“सांगून केलं तं मंग काय राह्यलं त्यात?”

बाबांना ते कळलं नाही. त्यांनी माझ्या हातावर शेंगा ठेवल्या आणि मी त्या फोडत बसले. परतताना पाय तसेच लोंबकळत घरी आले.

त्यानंतर काही दिवस मी वाट पाहिली. कसली ते मला सांगता येणार नाही. यांना ती फळी रोज दिसायची, मीही रोज दिसायची. सासूबाई त्या सुमाराला लेकीकडे गेल्या होत्या. एका संध्याकाळी यांची पंपावर पाळी होती. वीज येईल तेव्हा पंप चालवायचा, म्हणजे यायला उशीर नक्की. गाडी घरीच होती. मी पाना घेतला आणि फळी ज्या लोखंडी पट्टीला जोडली होती ती पट्टी सोडवली. ती सांगाड्याला बोल्टाने बसवलेली होती, म्हणून पेट्रोलपासून दूर, मागे पडवीत नेता आली. पंख्यावरचं जाळं झटकलं, कोळसे पेटवले.

पहिल्यांदा त्यांचा जोड सोडवायचा होता. तापवला आणि चिमट्याने ओढला, तर फळी अलगद वेगळी झाली. गाठी कानशीने घासून काढल्या. मग मी ओट्यावर त्या सीटच्या उंचीने बसले, पाय सोडले आणि जिथे टाच येते तिथे पट्टीवर खिळ्याने रेघ मारली. टाकणखार लावला. डाव्या हाताने पंखा, उजव्या हातात सळई. मला दोन्ही दिसत होती, लोखंड आणि रंग, त्यामुळे बोलायची काही गरजच नव्हती. तरी मी बोलले. कुणी नसलेल्या त्या पडवीत मी मोठ्याने म्हटलं, “वांगं.” मग “डाळिंब.” आणि “पळस” म्हणताच सळई टेकवली. पितळ सरकन फटीत गेलं आणि दुसऱ्या बाजूने बारीक रेघ होऊन बाहेर आलं. थंड झाल्यावर बोट फिरवलं. कुठे गाठ लागली नाही. डब्यात उरलेला काळा रंग त्यावर लावला, आणि वाळल्यावर सकाळी पट्टी जागेवर बसवून टाकली. हे तेव्हा झोपलेले होते.

पुढच्या वेळी आम्ही निघालो तेव्हा माझे दोन्ही पाय फळीवर टेकले. पायाखाली काही असणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. मी सीटची कडही धरली नाही. वाशीमजवळ आल्यावर हे म्हणाले, “आज गाडी बरी चालून राह्यली. हवा भरली म्हनून असन.” मी म्हटलं, “असन.”

मला वाटलं होतं ते आज ना उद्या पाहतील. फळी चार बोटं वर सरकली आहे, जुन्या गाठी नाहीत, हे त्यांच्यासारख्या माणसाच्या नजरेतून सुटणार नाही. पण तो भाग मागचा होता, आणि ते पुढे बसत. काही महिन्यांनी एका ठिकाणी चहाला थांबलो असताना टपरीवाल्याने त्या फळीचं विचारलं. हे उठून गाडीपाशी गेले, खाली बसले आणि जोडावर अंगठा फिरवला. जरा थांबले. मी कप हातात धरून पाहत होते. मग ते टपरीवाल्याला म्हणाले, “पाहा, हात फिरवून पाहा. गाठ लागते काय? घरीच केला.” आणि परत अंगठा फिरवून, स्वतःशीच बोलल्यासारखं, “बरा जमला होता.”

त्यानंतर कुणीही गाडीपाशी आलं की ते तो जोड दाखवत. इंजिन नाही, टाकी नाही, जिच्यासाठी आम्ही दोघांनी जीव मुठीत धरला ती झाळही नाही. हा एकच. पाहुणे आले, पंपावरचे साहेब आले, माझा भाऊ आला, की हे त्याचा हात धरून खाली नेत. “गाठ लागते काय पाहा.” मी आत पोहे करत असायची आणि कान बाहेर असायचे.

गाडी विकली तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. सुटे भाग मिळत नव्हते, पेट्रोल परवडत नव्हतं. वाशीमचा एक मिस्त्री घ्यायला आला. भाव ठरला, गाडी अंगणाबाहेर काढली. निघताना यांनी मिस्त्रीला थांबवलं आणि त्याचा अंगठा त्या जोडावर ठेवला. “बाकी सारं बदल तू,” ते म्हणाले, “पन याले हात नोको लावू. म्या लय जोड केले. असा पुन्हा नाही जमला मले.”

मी दारात उभी होते. सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, “आयका ना…” ते वळले. इतक्या वर्षांनी माझ्याकडे तोंड करून उभे होते, आणि डोळ्यांत पाणी होतं, गाडीचं. त्यांना वाटत होतं त्यांच्या हातून एकदा तरी एक गोष्ट अगदी बरोबर झाली आहे. रेल्वेने परत पाठवलेल्या माणसाच्या हातून. ते त्यांच्याकडून मला काढून घेववेना.

“काय?” त्यांनी विचारलं.

“मिस्त्रीले चहा घेऊन जाऊ द्या म्हटलं.”

मिस्त्री चहा न घेताच गेला. हे वारले, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. उभ्या जन्मात त्यांनी माझ्या कुठल्या कामाचं कौतुक केलं असेल तर ते तेवढंच, आणि ते माझं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. गाडी गेल्यावर त्यांनी त्या जोडाचं नाव काढणंही बंद केलं.